जादा वेळेची मजुरी आणि एक ‘किंवा’

मजुरीचा कायदा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गिरणी येते, ऊसतोड येते, फार तर रस्त्यावरची खडी येते. मोटारी विकण्याचे काचेचे दुकान काही येत नाही. परंतु अमेरिकेत अशाच एका दुकानातील नोकरांचा खटला तेथील सर्वोच्च न्यायालयात दोनदा गेला, आणि त्याचा निकाल बराचसा ‘किंवा’ ह्या लहानशा शब्दावर लागला. ज्या कलमावरून हा वाद झाला त्यात मोटारींच्या बरोबरीने शेतीची अवजारेही आहेत. तेव्हा शेतकरी मंडळींना तो परका वाटू नये. आणि व्याकरण शिकवणाऱ्या गुरुजींना तर त्यात एक आयता धडाच मिळेल.

आधी मूळ कायदा पाहू. 1938 साली, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट ह्यांच्या कारकिर्दीत, अमेरिकेने मजुरीचा आणि कामाच्या तासांचा कायदा केला. त्याचे मुख्य नियम दोन. पहिला, ठरलेल्या किमान दरापेक्षा कमी मजुरी देता येणार नाही. दुसरा, आठवड्याला ठराविक तासांहून जास्त काम घेतले, तर वरच्या प्रत्येक तासाला दीडपट दराने पैसे मोजावे लागतील. ही मर्यादा आरंभी 44 तासांची होती. 1940 पासून ती 40 तासांवर आली.

हिशेब फळ्यावर मांडून पाहा. दुकानात गाड्या धुणारा एक कामगार आहे. दर तासाला 15 डॉलर, आणि आठवड्यात काम झाले 50 तास. पहिल्या 40 तासांचे 600 डॉलर. वरच्या 10 तासांना दर साडेबावीस, म्हणजे 225. एकूण 825 डॉलर. इथवर सोपे आहे. पण मालकाने कबूल केल्याप्रमाणे त्याला त्या आठवड्याच्या कामाचे 100 डॉलर बक्षीसही दिले, तर? पुष्कळ मालक 825 मध्ये 100 मिळवतात आणि 925 देऊन मोकळे होतात. तेथेच चूक होते. कायद्याच्या दृष्टीने ते बक्षीसही मजुरीच होय. 50 तासांचे 750 आणि बक्षिसाचे 100 मिळून 850. त्याला 50 ने भागले की खरा दर 17 डॉलर. जादा तासांचा एकपट पैसा त्यात आलाच. राहिला वरचा अर्धा, साडेआठ डॉलर, तो 10 तासांचा 85. एकूण 935 डॉलर. दर आठवड्याला असेच घडत राहिले, तर दहा-दहा डॉलर करीत वर्षाला 520 डॉलर बुडाले! शिवाय प्रत्येक आठवड्याचा हिशेब वेगळा; ह्या आठवड्याचे 50 तास आणि पुढच्याचे 30 अशी सरासरी काढून जादा तास बुडवता येत नाहीत.

आता गोष्ट सवलतीची. काही धंद्यांना जादा मजुरीच्या नियमातून सूट आहे. 1961 साली मोटार-दुकानातील सगळ्याच नोकरांना ह्या सुटीत टाकले होते. 1966 साली कायदेमंडळाने ती आवळली. सूट राहिली ती मोटारी, ट्रक किंवा शेतीची अवजारे विकणे किंवा दुरुस्त करणे ह्या कामात मुख्यतः गुंतलेला विक्रेता, सुटे भाग सांभाळणारा किंवा मेकॅनिक, एवढ्यांपुरती. ह्यांच्या कामाला वेळेचा धरबंध नसतो, ते पुष्कळदा दुकानाबाहेर असते, हंगामात एकदम वाढते, असा त्यामागचा विचार होता. सुगीत यंत्र बंद पडले तर मेकॅनिकाला घड्याळ पाहून घरी जाता येत नाही, हे तुम्हांला सांगायला नको.

मात्र दुकानात आणखी एक मनुष्य असतो. गाडी दुरुस्तीला नेली की तो पुढे येतो, तक्रार ऐकून घेतो, काय काय करावे लागेल ते सांगतो, खर्चाचा अंदाज देतो. त्याला तिकडे ‘सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर’ म्हणतात. तो गाडी विकत नाही आणि हातात पानाही धरीत नाही. मग तो सुटीत की सुटीबाहेर? 1970 साली सरकारचे मजूर खाते म्हणाले, बाहेर. 1978 साली म्हणाले, आत. 2011 साली पुन्हा म्हणाले, बाहेर. 2012 साली कॅलिफोर्नियातील एन्सिनो मोटरकार्स ह्या दुकानातील अशा सल्लागारांनी जादा मजुरीसाठी दावा लावला.

नोकरांची बाजू अशी की, कलमातल्या जोड्या लावून वाचा : विक्रेता विकतो, मेकॅनिक दुरुस्त करतो. दुरुस्ती विकणारा माणूस ह्या कोणत्याच जोडीत बसत नाही. खालच्या न्यायालयाने हे मानले. प्रकरण 2016 साली एकदा परत पाठवले गेले, आणि 2 एप्रिल 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी दुकानाच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती थॉमस ह्यांनी लिहिले त्याचा आशय असा : कायद्यात ‘किंवा’ आहे, तेव्हा कोणताही नोकर कोणत्याही कामाशी जुळू शकतो. सल्लागार हा सेवा विकणारा विक्रेता आहे, आणि दुरुस्तीच्या कामाचा तो भागच आहे. सुटे भाग देणारा तरी स्वतः गाडी कोठे उघडतो? न्यायमूर्ती गिन्सबर्ग ह्यांनी विरुद्ध मत नोंदवले. त्यांचे म्हणणे, ह्या सल्लागारांचे तास ठरलेले असतात, जागा ठरलेली असते. ज्या कारणासाठी सूट दिली ते कारणच येथे नाही. कायद्याचे शब्द पाहावेत की हेतू, हा वाद असा पाच-चार मतांवर तुटला.

ह्यावरून मोटार-दुकानातील कोणालाच जादा मजुरी मिळत नाही, असे मात्र समजू नका. गाडी धुणारा, पुसणारा, रंगवणारा, टायर बदलणारा, कचेरीतला कारकून हे सुटीबाहेर आहेत; त्यांना दीडपट दर दिलाच पाहिजे. हुद्दा ‘मेकॅनिक’ लिहिला आणि काम धुण्याचे दिले, तर काम पाहतात, हुद्दा नव्हे. ज्यांना सूट लागू आहे त्यांचाही किमान मजुरीचा हक्क सुटत नाही. तो दर देशभरासाठी 2009 पासून तासाला 7.25 डॉलर आहे. एखाद्या राज्याचा कायदा अधिक देत असेल, तर तेथे तोच पाळावा लागतो. मजुरी बुडवली तर मालकाला बुडवलेली रक्कम, आणि बहुधा तेवढीच भरपाई आणखी, द्यावी लागते. दावा दोन वर्षांच्या आत लावायचा. जाणूनबुजून बुडवली असेल तर तीन.

आपल्याकडे ही सूट नाही, आणि दरही निराळा आहे. 1948 च्या कारखाने अधिनियमाने जादा कामाला दुप्पट मजुरी ठरवली. 2019 च्या वेतन संहितेतही, किमान वेतन ठरलेल्या कामगाराला जादा वेळेसाठी दुप्पटीपेक्षा कमी नाही, असेच तत्त्व आहे. तुमच्या गावचा मुलगा तालुक्याच्या ट्रॅक्टरच्या दुकानात कामाला असेल, तर त्याला एवढेच सांगा : आलो किती वाजता, गेलो किती वाजता, आणि काम कोणते केले, हे रोजच्या रोज एका वहीत लिहून ठेव. अमेरिकेत काय आणि येथे काय, तास आणि काम ह्यांवरूनच मजुरीचा हिशेब सुरू होतो.