एका रकान्यात अनेक नोंदी

प्रवरेच्या दोन काठांवर दोन कोल्हार आहेत. कोल्हार बुद्रुक राहाता तालुक्यात, तर कोल्हार खुर्द राहुरी तालुक्यात. त्यामुळे इथल्या पत्त्यात नुसते गावाचे नाव पुरत नाही. ‘कोल्हार बुद्रुक, ता. राहाता, जि. अहिल्यानगर’ असे सविस्तर लिहावे लागते. वाचणाऱ्याला तो एकच पत्ता वाटतो. पण स्वल्पविराम आला की मजकूर तोडायचा, एवढेच शिकवलेल्या संगणकाला त्यात तीन नोंदी दिसतात.

ऑनलाइन अर्जांतली ही अडचण रोजची आहे. अर्जात ‘पिके’ असा एकच रकाना असतो आणि शेतकरी त्यात ‘कांदा, सोयाबीन, मका’ लिहितो. संगणकाला मात्र तीन सुट्या नोंदींची यादी हवी असते. म्हणून अर्ज भरताना मजकूर तोडून यादी करायची आणि दुरुस्तीसाठी अर्ज पुन्हा उघडला की ती यादी जोडून रकान्यात दाखवायची. या येरझाऱ्यांत एकही नोंद हरवता कामा नये, वाढताही कामा नये.

साध्या चुका चटकन दुरुस्त होतात. स्वल्पविरामानंतरची मोकळी जागा तशीच राहिली, तर ‘सोयाबीन’ शोधूनही सापडत नाही. शेवटी एक जादा स्वल्पविराम पडला, की चौथे, बिननावाचे पीक तयार होते. प्रत्येक नोंदीच्या कडेची मोकळी जागा काढणे आणि रिकाम्या नोंदी गाळणे, एवढ्याने हे दोन्ही दोष जातात.

खरी कसोटी लागते ती विभागणारे चिन्ह मजकुरातच आले तर. सातबाऱ्यावरच्या गट क्रमांकात तिरकी रेघ असते, जसे ११२/१. तिथे तिरक्या रेघेवर तोडले तर हिस्सा गटापासून सुटतो. रक्कम १,२५,००० अशी लिहिली, तर स्वल्पविराम तिचे तीन तुकडे करतो.

यावर जुना तोडगा आहे. आयबीएमचा एक फोरट्रान कंपायलर १९७२ मध्येच स्वल्पविरामाने विभागलेली माहिती वाचत होता. आज ‘सीएसव्ही’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीचे नियम ऑक्टोबर २००५ च्या ‘आरएफसी ४१८०’ या दस्तऐवजात लिहिले गेले. ज्या नोंदीत स्वल्पविराम आहे, ती दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवायची. आत तेच चिन्ह आले तर ते दोनदा लिहायचे.

मात्र हे नियम सामान्य अर्जदाराने पाळावेत, ही अपेक्षा चुकीची आहे. पत्त्यासारख्या मजकुरासाठी एका ओळीत एक नोंद घेणे सोपे पडते. तिथेही प्रोग्राम लिहिणाऱ्याने जपायला हवे: अर्ज पाठवताना ब्राउझर प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन अदृश्य चिन्हे जोडतो. त्यातले एकच काढले, तर दुसरे नोंदीला चिकटून राहते आणि दिसायला सारखी असलेली दोन नावे जुळत नाहीत.

पिकांसारखी ठरावीक नावे असतील, तर चौकटीत खूण करण्याची सोय सर्वांत बरी. ब्राउझर प्रत्येक निवड स्वतंत्र पाठवतो, त्यामुळे तोडण्याचा प्रश्नच उरत नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी मोबाइलवरून स्वतः पिकाची नोंद करू लागला. पीकविमा आणि नुकसानभरपाईच्या वेळी अशा नोंदींना महत्त्व येते. म्हणून कोणताही अर्ज जमा होण्याआधी संगणकाने वेगळ्या केलेल्या नोंदी क्रमांक घालून एकाखाली एक दाखवाव्यात. म्हणजे शेतकऱ्याला किंवा सेवा केंद्रातल्या ऑपरेटरला त्या सातबाऱ्याशी तिथेच ताडून पाहता येतील.