विश्लेषण : दुकानात घरगुती एसी चालतो का? ‘कमर्शियल’ कधी घ्यावा?

उन्हाळा तोंडावर आला की सलून, कोचिंग क्लास, दवाखाना किंवा छोटे हॉटेल चालवणाऱ्यांपुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. घरी लावतो तसे दोन-तीन स्प्लिट एसी लावून भागवायचे, की डीलर सुचवतो तो कॅसेट किंवा डक्टेबल एसी घ्यायचा? पहिल्या पर्यायात सुरुवातीचा खर्च बराच कमी, त्यामुळे निर्णय बहुतेक वेळा तिथेच होतो. मग ऐन मे महिन्यात दुपारी चार वाजता एसी १८ अंशांवर ठेवूनही ग्राहक पुठ्ठ्याने वारा घेत बसलेले दिसतात. असे का होते, हे समजून घेऊ.

‘टन’ म्हणजे नेमके काय?

एसीचा टन हा वजनाचा नाही. एक टन बर्फ २४ तासांत वितळताना जितकी उष्णता शोषून घेतो, तितकी उष्णता त्याच वेगाने खोलीबाहेर काढण्याची क्षमता म्हणजे एक टन. आकड्यांत सांगायचे तर ताशी १२ हजार बीटीयू किंवा सुमारे ३.५ किलोवॅट.

घरासाठी आपण ‘दीडशे चौरस फुटांच्या बेडरूमला दीड टन’ असा ठोकताळा वापरतो. तो दोन-तीन माणसे आणि बंद दार गृहीत धरतो. धंद्याच्या जागेत या दोन्ही गोष्टी नसतात.

समजा, ४५० चौरस फुटांचा क्लास आहे. घरच्या हिशेबाने दीड टनाचे तीन एसी पुरायला हवेत. पण तिथे ४० विद्यार्थी बसतात. शांत बसलेला माणूसही साधारण १०० ते १२० वॅट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे नुसत्या विद्यार्थ्यांचीच चार ते पावणेपाच किलोवॅट, अर्थात सव्वा टनाच्या आसपास भर पडली. वर छत तापलेले असेल, प्रोजेक्टर चालू असेल, तर साडेचार टन कमी पडणारच. सलूनमध्ये माणसे कमी असली तरी एक हेअर ड्रायर हजार-दीड हजार वॅट खातो आणि ती सगळी उष्णता खोलीतच राहते.

मशीनमध्ये फरक कोणता?

थंडावा तयार करण्याचे तत्त्व एकच. फरक आहे तो हवा फेकण्यात, पाइपच्या लांबीत आणि किती तास चालण्यासाठी यंत्र बनवले आहे यात. भिंतीवरचा स्प्लिट एका दिशेने हवा सोडतो; लांबट दुकानात गल्ल्यावरचा माणूस गारठतो आणि दाराजवळचा घामाघूम होतो. छतातला कॅसेट चारही बाजूंना हवा देतो. डक्टेबलमध्ये हवा कुठे सोडायची हे आपल्याला ठरवता येते.

पाइपची लांबी हा मुद्दा खरेदीच्या वेळी कोणी विचारत नाही. दुकान सोसायटीच्या तळमजल्यावर आणि आउटडोअर युनिट लावायला परवानगी फक्त गच्चीवर, अशी स्थिती शहरांत नेहमीची. घरगुती स्प्लिटला ठरावीक लांबीपेक्षा जास्त पाइप जोडला की थंडावा घटतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. कमर्शियल यंत्रणा, विशेषतः व्हीआरएफ, लांब पाइपसाठीच बनवलेली असते. म्हणून एसी निवडण्याआधी आउटडोअरची जागा ठरवावी. तीन आउटडोअर एकाच अरुंद डक्टमध्ये कोंबले, तर एकाची गरम हवा दुसरा ओढतो.

ताज्या हवेचे काय?

साधा स्प्लिट बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा फिरवतो. बंद वर्गात दुसऱ्या तासाला मुले पेंगू लागतात, त्यात कंटाळवाण्या शिकवण्याइतकाच साचलेल्या कार्बन डायऑक्साइडचाही वाटा असू शकतो. डक्टेबलमध्ये ताज्या हवेची सोय करता येते. स्प्लिटच लावायचे असतील, तर वेगळा फ्रेश एअर फॅन हवा आणि बाहेरून येणारी गरम हवा टनांच्या हिशेबात धरायला हवी.

हॉटेलात गणित उलटे होते. स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट जोरदार असेल आणि तिथे बाहेरची हवा यायला वाट नसेल, तर तो बसण्याच्या जागेतली गार हवा ओढून बाहेर फेकतो. अशा ठिकाणी एसी वाढवून उपयोग नाही, आधी स्वयंपाकघराला स्वतंत्र हवा द्यावी लागते.

बिल कशावर ठरते?

‘कमर्शियल एसी लावला तर कमर्शियल दर लागतो’ हा सर्रास आढळणारा गैरसमज. दर यंत्रावर नाही, जागेच्या वापरावर ठरतो. महावितरणच्या व्यावसायिक जोडणीवर घरगुती एसी लावला तरी दर व्यावसायिकच. मात्र मंजूर भार तपासावा. दीड टनाचा एसी पूर्ण ताकदीने चालताना साधारण दीड किलोवॅट घेतो. असे चार लावले की सहा किलोवॅट झाले. जोडणी सिंगल फेज असेल, तर थ्री फेज घेऊन भार तिन्ही फेजवर वाटणे चांगले. मंजूर भार २० किलोवॅटपुढे गेला की स्थिर आकाराऐवजी केव्हीएनुसार मागणी आकार लागतो.

स्टार लेबलवर छापलेले वार्षिक युनिट १,६०० तासांच्या वापरावर काढलेले असतात. रोज १० तास, वर्षाला ३०० दिवस चालणाऱ्या दुकानात ते ३,००० तास होतात. समजा, दोन मॉडेलमध्ये लेबलवर २०० युनिटचा फरक आहे. तर दुकानात तो ३७५ च्या आसपास जाईल. युनिटला १२ रुपये धरले तर वर्षाला साडेचार हजार रुपये. घरात महाग वाटणारा ५ स्टार दुकानात लवकर वसूल होतो, तो यामुळे.

वॉरंटी आणि जीएसटी

अनेक घरगुती मॉडेलच्या वॉरंटी कार्डावर व्यावसायिक वापरासाठी वेगळी अट असते. ती खरेदीपूर्वी वाचावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. नियमित नोंदणी असलेल्या व्यावसायिकाला त्याचे क्रेडिट मिळू शकते, पण बिलावर व्यवसायाचा जीएसटी क्रमांक हवा. ऑनलाइन सेलमध्ये स्वतःच्या नावावर घेतलेल्या एसीवर हे पैसे सुटतात. कंपोझिशन योजनेतील दुकानदार आणि करमुक्त वैद्यकीय सेवा देणारे डॉक्टर यांना मात्र क्रेडिट नाही.

मग काय घ्यावे?

दोनशे-तीनशे चौरस फुटांचे ऑफिस, पाच-सहा माणसे, दार बहुतेक वेळ बंद : चांगले इन्व्हर्टर स्प्लिट पुरेसे आहेत. शिवाय एक बिघडला तरी दुसरा चालू राहतो, ही सोय एकाच मोठ्या डक्टेबलमध्ये नाही. भाड्याच्या गाळ्यातही स्प्लिट बरे, जागा सोडताना काढून नेता येतात. गर्दी, उघडे दार, लांबट जागा किंवा दूरचे आउटडोअर यांपैकी दोन गोष्टी असतील, तर कॅसेट किंवा डक्टेबलचे कोटेशन घ्यावे आणि डीलरकडून उष्णतेचा हिशेब लेखी मागावा. त्यात माणसांची संख्या धरलेली नसेल, तर दुसरा डीलर पाहावा.