फॅमिली डॉक्टरचा दवाखाना कितपत सुरक्षित? इंग्लंडमधली तपासणी

इंग्लंडमध्ये गुडघा दुखो, खोकला न हटो की बाळाला लस द्यायची असो, माणूस आधी आपल्या जीपीकडे जातो. जीपी म्हणजे तिथला फॅमिली डॉक्टर. ज्याच्या त्याच्या भागातल्या दवाखान्यात नाव नोंदलेले असते आणि तज्ज्ञाकडे जायचे तर बहुधा तिथलीच चिठ्ठी लागते. राष्ट्रीय आरोग्य सेवा, म्हणजे एनएचएस, 5 जुलै 1948 रोजी सुरू झाली तेव्हापासून ही घडी आहे. आज असे सहा हजारांहून अधिक दवाखाने आहेत. तपासणीचे पैसे पडत नाहीत, तरी बहुतेक दवाखाने सरकारच्या मालकीचे नसतात. डॉक्टर भागीदारीत ते चालवतात आणि एनएचएसशी करार करतात. 1960 आणि 1970 च्या दशकांत खाणींच्या आणि कारखान्यांच्या गावांतले कितीतरी दवाखाने भारतीय उपखंडातून गेलेल्या डॉक्टरांनी तगवून धरले. त्यांत मराठी डॉक्टरही होते.

या दवाखान्यांवर बाहेरच्या कुणाचे लक्ष हवे, हे पटायला फार मोठी किंमत मोजावी लागली. मँचेस्टरजवळच्या हाइड गावात हॅरल्ड शिपमन एकट्याने दवाखाना चालवत असे. घरी येऊन तपासणारा डॉक्टर म्हणून त्याचा चांगला लौकिक होता. जानेवारी 2000 मध्ये 15 पेशंटच्या खुनांबद्दल तो दोषी ठरला आणि न्यायमूर्ती जॅनेट स्मिथ यांच्या चौकशीत बळींचा आकडा किमान 215 निघाला. बहुतेक जणी वृद्ध स्त्रिया होत्या. डायमॉर्फिन या जोरदार वेदनाशामकाची प्राणघातक इंजेक्शने तोच देई, मृत्यूचा दाखलाही बहुधा तोच लिही आणि एका दवाखान्यात इतकी माणसे का दगावतात, हे वर्षानुवर्षे कुणी ताडून पाहिले नाही. असा माणूस अपवादच, पण देखरेखीतली ही फट सगळ्याच दवाखान्यांना लागू होती. डिसेंबर 2012 पासून ब्रिटनमध्ये प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांची पात्रता दर 5 वर्षांनी नव्याने पारखली जाऊ लागली. एप्रिल 2013 पासून इंग्लंडमधल्या प्रत्येक जीपी दवाखान्याला केअर क्वालिटी कमिशन, म्हणजे सीक्यूसी, या नियामक संस्थेकडे नोंदणी सक्तीची झाली.

सीक्यूसी पाच गोष्टी पाहते: सेवा सुरक्षित आहे का, गुणकारी आहे का, आपुलकीने दिली जाते का, लोकांच्या गरजेला धावून येते का आणि कारभार नीट आहे का. त्यावरून ‘उत्कृष्ट’, ‘चांगला’, ‘सुधारणा हवी’ किंवा ‘असमाधानकारक’ असा शेरा मिळतो. एप्रिल 2015 पासून हा शेरा पेशंटच्या नजरेस पडेल असा लावणे दवाखान्यावर बंधनकारक आहे. फारच वाईट परिस्थिती असेल तर नोंदणी रद्द होऊन दवाखाना बंदही होऊ शकतो.

प्रत्यक्ष पाहणीत काही गोष्टी डोळ्यांनी तपासता येतात. लसींचा फ्रिज 2 ते 8 अंश सेल्सियसमध्येच राहिला पाहिजे आणि त्याचे तापमान रोज वहीत टिपलेले असले पाहिजे. मधले चार दिवस कोरे दिसले, तर त्या दिवसांत लसी टिकल्या की बिघडल्या हे कुणालाच सांगता येत नाही. इंजेक्शनची जोरदार रिअ‍ॅक्शन आली तर हाताशी अ‍ॅड्रेनॅलिन आहे का, त्याची मुदत उलटली आहे का, ऑक्सिजनचे सिलिंडर भरलेले आहे का, हेही पाहिले जाते.

खरा धोका मात्र कॉम्प्युटरमधल्या नोंदींत दडलेला असतो. म्हणून तपासणी पथकातला जीपी पेशंटच्या नोंदींत ठरावीक शोध घेतो. उदाहरणार्थ, संधिवातावरचे मेथोट्रेक्सेट. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जीव जाऊ शकतो. ठीक घेतली तरी रक्तपेशी, यकृत आणि मूत्रपिंड यांवर परिणाम होतो, म्हणून ठरावीक मुदतीने रक्त तपासावे लागते. आता एखाद्या बाईंना दर महिन्याला हे औषध मिळते आहे आणि शेवटची रक्त तपासणी वर्षापूर्वीची आहे, असे समजा. त्यांची काही तक्रार नाही, डॉक्टर त्यांच्याशी गोड बोलतात, तरीही त्यांच्यावरचे उपचार सुरक्षित नाहीत. मानसिक आजारावरच्या लिथियमचेही असेच. दम्याच्या पेशंटला वर्षात डझनभराहून अधिक आराम देणारे पंप दिले गेले असतील, तर दमा आटोक्यात नाही आणि कुणी विचारपूस केलेली नाही, हे त्या आकड्यावरूनच कळते. काहींच्या रक्तातली साखर मधुमेहाच्या पातळीला पोहोचल्याचा रिपोर्ट फाईलमध्ये असतो, पण मधुमेहाची नोंदच नसते. साहजिकच डोळ्यांची आणि पायांची तपासणी त्यांच्या वाट्याला येत नाही. अशा चुका निष्णात डॉक्टरच्या हातूनही होतात. बाहेरून आलेला प्रत्येक रिपोर्ट कुणी पाहायचा आणि पेशंटला कुणी कळवायचे, हे ठरवून दिलेले असेल तरच त्या टळतात.

निदान हुकणे हा आणखी एक धोका. पुन्हा पुन्हा जीपीकडे दाद मागूनही कॅन्सर वेळेत न सापडलेल्या एका तरुणीच्या मृत्यूनंतर 2025 मध्ये इंग्लंडमध्ये ‘जेस रूल’ आला. तीच लक्षणे घेऊन किंवा ती वाढल्यामुळे पेशंट तिसऱ्यांदा आला, तर डॉक्टरांनी पहिले निदान बाजूला ठेवून नव्याने विचार करावा, असे तो सांगतो. दर खेपेला वेगळाच डॉक्टर समोर असेल तर ही तिसरी खेप आहे हे लक्षात येणे अवघड. नॉर्वेतल्या, 2022 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, एकाच फॅमिली डॉक्टरकडे 15 वर्षांहून अधिक काळ असलेल्यांमध्ये मृत्यूची शक्यता सुमारे 25 टक्क्यांनी कमी आढळली होती.

तपासणीची व्यवस्थाही निर्दोष नाही. सरकारच्या सांगण्यावरून पेनी डॅश यांनी केलेल्या पाहणीत 2024 मध्ये सीक्यूसीच्याच कारभारावर कडक ताशेरे आले: तपासण्या घटल्या होत्या आणि काही संस्थांचे शेरे कित्येक वर्षे जुने होते. म्हणून दवाखान्यात लावलेला शेरा वाचताना त्यावरची तारीख आधी पाहावी लागते. पूर्ण अहवाल कुणालाही वाचता येतो. तक्रार असेल तर ती प्रथम दवाखान्याकडे देता येते. उत्तराने समाधान झाले नाही तर आरोग्य सेवेच्या ओम्बुड्समनकडे, म्हणजे स्वतंत्र तक्रार निवारकाकडे, जाता येते आणि पेशंटला दवाखानाही बदलता येतो.