नव्या आवृत्तीत काय बदलले?

पाठ्यपुस्तकाची नवी आवृत्ती हातात पडली की शिक्षक आधी काय पाहतात? कोणता धडा गेला, कोणता आला आणि जुन्या टाचणातले किती चालेल. प्रस्तावनेत ‘पुस्तक अद्ययावत केले आहे’ एवढेच असेल, तर त्याचा काय उपयोग? संगणकाच्या प्रणालींचेही असेच असते. नव्या आवृत्तीसोबत बदलांचे एक टिपण येते. त्याला ‘रिलीज नोट्स’ म्हणतात.

काही वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेत दोन विद्यार्थ्यांची उत्तरे जुळेनात. आकडेवारी एकच, प्रोग्रॅम एकच, संगणक मात्र दोन. लांबलचक यादीतून काही नमुने चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडायचे होते. त्यासाठी ‘आर’ ही संख्याशास्त्रातली मोफत मिळणारी प्रणाली वापरली होती. संगणकाच्या चिठ्ठ्या खऱ्या अर्थाने यादृच्छिक नसतात. सुरुवातीला दिलेला आकडा, म्हणजे ‘बीज’, तेच ठेवले की निवडही तीच होते. म्हणून तर दुसऱ्याला आपले काम पडताळता येते. येथे दोघांचेही बीज १२३ होते. १ ते १० हे अंक पिसायला सांगितले, तर एक संगणक ३, ८, ४, ७, ६… असा क्रम देई, दुसरा ३, १०, २, ८, ६… असा.

दोन दिवस आम्ही विद्यार्थ्यांची चूक शोधत होतो. ती नव्हतीच. एका संगणकावर ३.५ ही आवृत्ती होती, दुसऱ्यावर २६ एप्रिल २०१९ रोजी आलेली ३.६.०. तिचे टिपण उघडले, तर थोडक्या ओळींत सारे लिहिलेले होते: यादृच्छिक निवडीची पद्धत बदलली आहे, जुन्या पद्धतीत मोठ्या यादीतल्या सर्वांना समान संधी मिळत नसल्याचे ऑटोबोनी आणि स्टार्क यांनी दाखवले आहे, जुनी उत्तरे पुन्हा हवी असल्यास अमुक आज्ञा द्या.

समान संधी का मिळत नव्हती? जुन्या पद्धतीत ० ते १ मधला एक अपूर्णांक घेऊन त्याला यादीच्या लांबीने गुणत आणि पूर्णांक तेवढा ठेवत. पण संगणकाजवळचे असे अपूर्णांक मोजकेच असतात. १० गोळ्या ४ मुलांत वाटल्या, तर दोघांना ३ आणि दोघांना २ मिळतात, तसे होते. यादी लहान असेल तर हा फरक नगण्य असतो, फार मोठी असेल तर जाणवतो. नवी पद्धत फाशाने समजेल. पाच मुलांतून एक निवडायचा आहे. ६ पडल्यास पहिल्याचे नाव घेतले, तर त्याची संधी दुप्पट होते. त्याऐवजी ६ पडला की फासा पुन्हा टाकायचा.

आता समजा, त्या टिपणात ‘यादृच्छिक निवडीत सुधारणा’ एवढेच असते. विधान खरे, पण आमच्या कामाचे नाही. वाचणाऱ्याचे प्रश्न साधे असतात. मला काय वेगळे दिसेल? माझ्या जुन्या कामावर परिणाम होईल का? बदल का केला? मी काय करू? ज्या बदलाने जुने काम अडते तो सर्वांत वर हवा, मग नव्या सोयी, मग दुरुस्त्या. प्रोग्रॅमच्या पोटात काय हलवले, हे वापरणाऱ्याला सांगायची गरज नसते.

हे समजल्यावर आम्ही आमचीच टिपणे काढून पाहिली. एका ठिकाणी मीच लिहिले होते, ‘तापमान-विभागाची पुनर्रचना’. ते बदलून लिहिले: ‘तापमान आता फॅरनहाइटऐवजी सेल्सियसमध्ये नोंदले जाईल. जुन्या नोंदींशी तुलना करण्यापूर्वी त्या सेल्सियसमध्ये बदलून घ्या.’ पहिले वाक्य मी स्वतःसाठी लिहिले होते, दुसरे वापरणाऱ्यासाठी.

वर्गात हे करून पाहता येईल. एखाद्या प्रयोगाच्या कृतीत एक बदल करा, उदाहरणार्थ ५० मिलिलिटरऐवजी १०० मिलिलिटर पाणी. मग त्या दिवशी गैरहजर असलेल्या मित्रासाठी मुलांना तीन वाक्यांचे टिपण लिहायला सांगा. दुसऱ्या दिवशी त्या मित्राने फक्त टिपण वाचून प्रयोग करावा. कोणते टिपण पुरले आणि कोणते अपुरे पडले, हे मुलेच सांगतील.