चाळिशीनंतरचा व्यायाम : वजन आणि डोंगरवाट

आपल्या सुशिक्षित घरांतून व्यायामाविषयीं एक चमत्कारिक समजूत रूढ आहे. तालीम विद्यार्थ्यांनीं करावी. गृहस्थानें फार तर सायंकाळीं फिरावयास जावें. आणि गृहिणीस तेवढ्याचीहि गरज नाहीं, कारण घरकामांत तिला हवा तेवढा व्यायाम घडतोच! या समजुतीचा हिशेब साठीच्या पुढें चुकता करावा लागतो. वडील मंडळी पाटावरून उठतांना भिंतीचा आधार शोधूं लागतात. एखादे दिवशीं न्हाणीघरांत पाय घसरतो, खुब्याचें हाड मोडतें, आणि एका माणसाच्या पडण्यानें सारें घर त्याच्या अंथरुणाभोंवतीं फिरूं लागतें. आपण 'वय झालें' म्हणून मोकळे होतों. आमच्या मतें यांतील बराचसा दोष वयाचा नसून चाळिशी ते साठी या वीस वर्षांतील हयगयीचा असतो.

तिशीनंतर दर दहा वर्षांस शरीरांतील स्नायू सुमारें ३ ते ८ टक्क्यांनीं घटत जातात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. या क्षयास आयर्विन रोझेनबर्ग या अमेरिकन संशोधकानें 'सार्कोपेनिया' असें नांव दिलें. ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ 'मांसाचें दारिद्र्य' असा होतो. स्नायू केवळ ओझें उचलण्याकरितां नसतात. जेवणानंतर रक्तांत उतरणारी साखर सांठवून घेणारें शरीरांतील मोठें कोठार तेंच. तें आटलें कीं साखर रक्तांतच घुटमळते. ज्या कुळांत मधुमेह पिढीजात आहे त्यांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें.

परंतु गेलेली शक्ति परत मिळविता येते. बोस्टन येथें मारिया फियातारोने व त्यांचे सहकारी यांनीं नव्वदीच्या आसपासच्या १० वृद्धांकडून पायांनीं वजन उचलण्याचा व्यायाम आठ आठवडे करवून घेतला. ज्या नऊ जणांनीं तो तडीस नेला त्यांच्या पायांची शक्ति सरासरीनें १७४ टक्क्यांनीं वाढली, असें १९९० मध्यें प्रसिद्ध झालें. नव्वदीच्या देहास जें साधलें तें पंचेचाळिशीच्या देहास कां साधूं नये?

आपल्याकडेहि दाखला आहे. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि (१८६८–१९५१) यांनीं आधीं सँडोची पद्धति चालविली व पुढें १९०८ च्या सुमारास, म्हणजे चाळिशीच्या उंबरठ्यावर, सूर्यनमस्कारांचा नेम धरला. नमस्काराविषयीं आमच्या मनांत पूर्ण आदर आहे. तथापि त्यांत भार आपल्याच देहाचा असतो, तो वाढत नाहीं. आणि कांहीं ओढण्याची क्रिया तर त्यांत मुळींच नाहीं. तीच घागर वीस वर्षें उचलल्यानेंहि शक्ति वाढत नाहीं, आणि गृहिणीच्या घरकामाचें उत्तर यांतच आलें. भार थोडा थोडा वाढवीत नेणें, हें शक्तीच्या व्यायामाचें मर्म आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० मध्यें प्रौढांस आठवड्यांत १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला, आणि शिवाय निदान दोन दिवस स्नायूंस बळ देणारा. हा दुसरा भाग मात्र आपण सोयीस्करपणें विसरतों.

आरंभ घरींच करावा. खुर्चीवरून हात न टेकतां उठणें-बसणें, मग बैठका. भिंतीस हात लावून जोर, मग जमिनीवर. पाठ सरळ ठेवून जमिनीवरील वजन उचलणें. आठ ते बारा वेळां करतां येईल व शेवटचे दोन वेळ जड जातील इतका भार असावा. श्वास कोंडून धरूं नये. रक्तदाब वा हृदयविकार असणाऱ्यांनीं आधीं डॉक्टरांस विचारावें.

आतां डोंगराविषयीं. पुणेकरांस पर्वती, वेताळ टेकडी व सिंहगड हीं कांहीं परकीं नाहींत. साताऱ्यास यवतेश्वराच्या घाटांतून २१ किलोमीटरांची शर्यत २०१२ पासून भरूं लागली, ती मात्र डांबरी रस्त्यावरची. आमचा कल पाऊलवाटेकडे अधिक आहे. दगड, मुळ्या, चढउतार यांमुळें पाऊल दर वेळीं निराळें पडतें, घोट्याभोंवतींचे लहान स्नायू कामास लागतात व तोल सांवरण्याची संवय राहते. न्हाणीघरांत उपयोगी पडते ती हीच. चढावर धांवण्याचा हट्ट धरूं नये. चढ झपझप चालावा, सपाटीवर धांवावें, आणि सोबत्याशीं वाक्य पुरें बोलतां येईल एवढाच वेग ठेवावा. फसवी असते ती उतरण. उतरतांना मांडीचे स्नायू ताणले जात असतांनाच भार पेलतात; म्हणून त्या दिवशीं कांहीं वाटत नाहीं, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं जिना उतरणें कठीण होतें. लहान पावलें टाकावीं व सुरुवातीस उतार चालतच यावा. पावसाळ्यांत शेवाळलेल्या काळ्या दगडावर धांवणें हें धाडस नव्हे, अविचार आहे.

'गुडघे झिजतील' हा आक्षेप ठरलेलाच. २०१७ मध्यें अनेक अभ्यास एकत्र पडताळतां हौशी धांवणाऱ्यांपैकीं ३.५ टक्के लोकांस, तर बैठ्या लोकांपैकीं १०.२ टक्के लोकांस खुब्याचा किंवा गुडघ्याचा संधिवात आढळला. ज्यांचे गुडघे आधींच दुखतात ते धांवतच नाहींत, असेंहि यांत असूं शकेल. तरी गुडघे हमखास झिजतात, हें कांहीं खरें ठरत नाहीं.

वाचकभगिनींस हा व्यायाम अधिकच अगत्याचा. ऋतुनिवृत्तीनंतर हाडें झपाट्यानें विरळ होऊं लागतात, आणि तीं टिकविण्यास भाराची मदत होते. जावाजावांनीं, नणंदाभावजयांनीं मिळून पहाटे टेकडीवर जाण्याचा परिपाठ ठेवावा. तासभर चहा पुरुषमंडळींनीं करून घेतला तर आकाश कोसळणार नाहीं. आणि पानाकडेहि पाहावें. पातळ वरणाची वाटी व भाताची मूद यांवर स्नायू पोसले जात नाहींत. वरण दाट करावें. उसळ, दहीं, ताक, पनीर रोज असावें, आणि ज्यांच्या घरीं चालतें त्यांनीं अंडीं खावीं. गडावर पोंचल्यावर पिठलें-भाकरी खुशाल खावी. भज्यांचें ताट मात्र चौघांत एकच मागवावें.