नवजात बाळाला ॲड्रेनालिन कधी देतात?

बाळ जन्मल्यावर रडले नाही की लगेच एखादे इंजेक्शन द्यावे लागत असेल, असे बाहेर थांबलेल्या नातेवाइकांना वाटते. प्रत्यक्षात औषधाची वेळ फार क्वचित येते. शंभरातल्या पाच ते दहा बाळांना श्वास सुरू करायला मदत लागते. त्यातली बरीचशी नुसती कोरडी पुसून, पाठ चोळून आणि मान नीट ठेवूनच रडू लागतात, आणि उरलेल्यांपैकी बहुतेकांना बॅग-मास्कने दिलेला श्वास पुरतो. छाती दाबावी लागणारी किंवा औषध लागणारी बाळे हजारात एक ते तीन.

याचे कारण बाळाच्या शरीरातच आहे. मोठ्या माणसाचे हृदय अनेकदा हृदयाच्याच आजाराने बंद पडते. नवजात बाळाचे मात्र धडधाकट असते आणि ऑक्सिजन न मिळाल्याने मंदावते. पोटात असताना ऑक्सिजन वारेतून येतो, फुप्फुसे द्रवाने भरलेली असतात. जन्मताच तिथे हवा शिरली नाही, तर ठोके उतरू लागतात. म्हणून उपचार सुरू होतो तो श्वासापासून. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९० च्या दशकात गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. श्वास कोंडलेल्या बाळाला मास्कमधून श्वास देणे हा त्या शिक्षणाचा भाग होता, आणि घरच्या बाळंतपणातही तो उपयोगी पडला.

औषधाचा निर्णय ठोक्यांवर ठरतो. स्टेथोस्कोप लावून सहा सेकंदांतले ठोके मोजायचे आणि त्यांना दहाने गुणायचे, ही लेबर रूममधली रोजची पद्धत. छाती वर-खाली होताना दिसेल असा श्वास तीस सेकंद देऊनही ठोके मिनिटाला ६० च्या खाली राहिले, तर छाती दाबायला घेतात. तीन दाब आणि एक श्वास या क्रमाने, शक्यतो श्वासनलिकेत नळी घालून आणि पूर्ण ऑक्सिजन देऊन. असे आणखी एक मिनिट गेल्यावरही ठोके ६० च्या वर आले नाहीत, तरच ॲड्रेनालिन द्यायचे.

ॲड्रेनालिन शरीरातल्या रक्तवाहिन्या आवळते. त्यामुळे महाधमनीतला दाब वाढतो आणि हृदयाला स्वतःला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांत रक्त शिरते. पण त्या रक्तात ऑक्सिजनच नसेल, तर दाब वाढवून साधणार काय? श्वास नीट न देता घाईने दिलेले ॲड्रेनालिन म्हणूनच निरुपयोगी ठरते.

खरी जोखीम औषध भरताना असते. आपल्याकडे मिळणाऱ्या एक मिलीच्या ॲम्प्यूलमध्ये साधारणतः एक मिलिग्रॅम ॲड्रेनालिन असते. नवजात बाळासाठी ते फार तीव्र. त्यात नऊ मिली सलाइन मिसळून दहा मिली करतात आणि या पातळ द्रावणातून शिरेवाटे किलोमागे ०.१ ते ०.३ मिली देतात. तीन किलोच्या बाळाला ०.२ च्या हिशेबाने ०.६ मिली. पातळ करायचे राहून गेले, तर मात्रा थेट दहापट होते. त्यामुळे सिरिंजवर नाव आणि प्रमाण लिहून ठेवणे, मात्रा मोठ्याने उच्चारणे आणि दुसऱ्याने ती पडताळणे हे सोपस्कार वाटले तरी टाळू नयेत.

हे औषध देण्याची सर्वांत सोयीची वाट म्हणजे नाळ. कापलेल्या नाळेत दोन जाड भिंतींच्या लहान धमन्या आणि एक पातळ भिंतीची मोठी शीर दिसते. त्या शिरेत बारीक नळी रक्त परत येईपर्यंत, दोन ते चार सेंटिमीटर सरकवतात आणि औषधामागोमाग थोडे सलाइन सोडतात. ती घातली जाईपर्यंत श्वासनलिकेतल्या नळीतून एकदा औषध देता येते, मात्रा बरीच मोठी ठेवून. पण फुप्फुसातून ते किती शोषले जाईल याचा भरवसा नसतो. गरज पडल्यास दर तीन ते पाच मिनिटांनी पुन्हा देतात.

बाळाचे रक्त गेले असेल, म्हणजे वार आधीच सुटली किंवा नाळेतून रक्तस्राव झाला, बाळ पांढरेफटक पडले आणि नाडी क्षीण लागते, तर सलाइन किंवा ओ निगेटिव्ह रक्त किलोमागे दहा मिली, पाच ते दहा मिनिटांत देतात. भराभर ढकलले तर विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

एकेकाळी या प्रसंगी सोडियम बायकार्बोनेट सर्रास दिले जाई. त्यातून कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो बाहेर टाकायला चांगला श्वासच लागतो. आता ते नेहमीच्या उपचारातून वगळले आहे. आईला प्रसूतीत अफूवर्गीय वेदनाशामक दिल्यामुळे बाळ मंद असेल, तर पूर्वी नॅलोक्सोन देत. आता त्याऐवजी श्वासाला आधार देतात.

सगळे उपाय नीट करूनही ठोका सापडला नाही, तर जन्मानंतर साधारण वीस मिनिटांनी प्रयत्न थांबवायचे का, यावर डॉक्टर आणि आईवडील मिळून विचार करतात. ठोके परत आले, तर बाळाला नवजात अतिदक्षता विभागात नेतात आणि तिथे त्याची साखर, तापमान आणि आकडी येते का यावर लक्ष ठेवतात.