गिलावा उतरवलेलं चर्च

लेखमाला : दगडी वास्तू, भाग ७

गिरडच्या टेकडीवर गोल गोटे सापडतात. सुफी संत बाबा फरीदांची टिंगल करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल दगड झाला, ही या गोट्यांची कथा मागच्या भागात आली होती. भूशास्त्रात तेच झिओलाइट, काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत तयार होणारं. हा पाषाण आपल्या समुद्रपूर तालुक्यात बहुतेक ठिकाणी विहीर खणली की लागतोच, आणि त्याचा पट्टा थेट वसईपर्यंत जातो. आज या वसईच्या दगडामागे जुन्या गोव्याला जाऊ.

तिथलं बॉम जीझस चर्च १५९४ ते १६०५ या काळात उभं राहिलं. सत्ता पोर्तुगीजांची, पण १५८० पासून पोर्तुगालच्या गादीवर स्पेनचेच राजे होते. चर्च बांधणाऱ्या जेझुइट पंथाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला आजच्या स्पेनमधल्या बास्क मुलखातला. या चर्चमध्ये ज्याचं शव जपलंय तो फ्रान्सिस झेवियर नव्हाराचा, तेही आजच्या स्पेनमध्येच. हा स्पॅनिश धागा आतही दिसतो. वेदीमागे छताच्या दिशेने चढत गेलेलं, सोन्याचा मुलामा दिलेलं लाकडी कोरीवकाम आहे. असंच काम स्पेनमधल्या गावोगावच्या चर्चमध्येही दिसतं. इथे खाली छोटा बाल येशू, त्याच्यावर प्रचंड इग्नेशियस आणि सगळ्यात वर ख्रिस्ती त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा). चर्च येशूच्या नावाचं, पण नजर जाते ती इग्नेशियसवर. जेझुइटांना ते खटकलं नसावं!

मला मात्र बाहेरची भिंतच जास्त बोलकी वाटते. गोव्यात दगड म्हणजे जांभा. खाणीतून काढताना मऊ, हवेवर टणक होणारा, भरभर चिरे पाडून भिंती उभारायला उत्तम. पण तो सच्छिद्र. त्यावर बारीक नक्षी टिकत नाही, छिन्नी लागली की कड ढासळते. म्हणून कोरीवकामासाठी वसईचा काळा पाषाण समुद्रमार्गे आणला. दर्शनी भिंतीवरचे खांब, पट्ट्या आणि अगदी वरच्या चौकटीतली ‘आयएचएस’ ही येशूच्या नावाची अक्षरं या पाषाणात आहेत. चार शतकांनंतरही त्यांच्या कडा स्पष्ट दिसतात.

आणि जांभा? त्यावर चुन्याचा गिलावा असायचा. म्हणजे आज फोटोत दिसणारं तांबूस, उघडं चर्च बांधणाऱ्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्यांचं चर्च पांढरं होतं. १९५० च्या दशकात बाल्ताझार कास्त्रो या पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाने वास्तू अधिक प्राचीन दिसावी म्हणून तो गिलावा उतरवला. तेव्हापासून गोव्याचा चार महिन्यांचा पाऊस थेट जांभ्यात मुरतोय. २०२० मध्ये चर्चच्या प्रमुख धर्मगुरूंनीच भिंती झिजत असल्याची जाहीर तक्रार केली.

पुन्हा गिलावा करायचा म्हटलं की लोक हळहळतात, कारण डोळ्यांना सवय लाल चर्चची. माझं मत गिलाव्याच्या बाजूने आहे, तोही सिमेंटचा नाही, चुन्याचाच. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती भिंतीतच कोंडतं.

पुढच्या आठवड्यात झेवियरची फ्लॉरेन्समध्ये घडवलेली, १६९८ साली इथे बसवलेली संगमरवरी समाधी.